सहा खुणांची बाटली

“चहाचा एक चमचा. रात्री झोपताना. दिवसातून एकदाच,” डॉक्टर क्षमा तिसऱ्यांदा सांगत होती आणि दत्ताराम परब तिसऱ्यांदा मान डोलावत होता. मान डॉक्टरीणबाईंकडे होती, डोळे मात्र पलीकडच्या औषधांच्या खिडकीकडे लागले होते. त्या खिडकीत धोंडिराम कंपाउंडर बसायचा, आणि दत्तारामच्या लेखी खरं औषध त्या खिडकीतूनच मिळायचं.

“काका, ऐकताय ना? हे साधं खोकल्याचं औषध नाही. ह्यानं झोप येते. जास्त गेलं तर श्वाससुद्धा मंदावतो. दारूचा थेंब घ्यायचा नाही. सकाळी डोकं जड वाटलं तर लिफ्टवर जायचं नाही. आणि घरात सर्दीची गोळी असेल तर ती बंद.”

“बंद म्हणजे बंद.”

“का बंद, ते कळलं? त्या गोळीत जे आहे ते ह्या औषधातही आहे. दुप्पट होईल. आणि पाच दिवसांच्या वर घ्यायचं नाही.”

“व्हय, व्हय,” दत्ताराम म्हणाला, चिठ्ठी घेतली आणि खोकत खोकत उठला.

शहाऐंशी साल होतं. घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या पायथ्याशी, डॉक्टर गुप्त्यांचा हा दवाखाना. दत्ताराम मूळचा मालवणकडचा. गिरणी होती तोवर परळला कापड विणायच्या साच्यावर होता. संप झाला, गिरणी गेली, आणि आता विक्रोळीच्या एका कंपनीत मालाची लिफ्ट वरखाली करायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याला ताप येऊन गेला. ताप गेला, पण कोरडा खोकला ठेवून गेला. फोटो काढून झाला, थुंकी तपासून झाली, छाती स्वच्छ होती. तरी खोकला हटेना. दत्ताराम रात्रभर खोकायचा आणि अख्खी चाळ जागायची. शेवटी शेजारच्या लवूनं भिंतीवर थाप मारून विचारलं होतं, “दत्ता, तू झोपणार नसशील तर निदान पत्ते तरी काढ यार.”

म्हणून क्षमानं हे जालीम औषध लिहून दिलं होतं, आणि ते देताना ती तीन तीनदा बजावत होती.

खिडकीतला धोंडिराम हे सगळं ऐकत होता आणि नाक मुरडत होता. एकतीस वर्षं तो त्या खिडकीत बसला होता. थोरले डॉक्टर, म्हणजे क्षमाचे वडील अनंत गुप्ते, नुसतं “दोन नंबर, दोन दिवस” एवढंच ओरडायचे. मग धोंडिराम फळीवरच्या त्या नंबरच्या मोठ्या बरणीतून मिक्श्चर ओतायचा, औंसाच्या ग्लासानं मोजायचा आणि बाटलीवर पट्टी चिकटवायचा. ती पट्टी हे त्याचं खास काम. बाटलीतल्या औषधाच्या उंचीएवढ्या कागदाची अरुंद घडी घालायची, कात्रीनं कडेला टोकं कातरायची, घडी उलगडली की सारख्या अंतराच्या सहा खुणा तयार. डिंक लावून ती बाटलीला चिकटवली की झालं. एक खूण म्हणजे अर्धा औंस, एक डोस. पेशंट घरून आपापली बाटली धुऊन आणायचे, आणि बाटल्यांचे आकार तरी किती. पण धोंडिरामची खूण कधी हलली नाही. भटवाडीतल्या अर्ध्या लोकांना लिहिता-वाचता यायचं नाही, पण खूण सगळ्यांना कळायची. “खूण खूण घ्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ,” असं तो म्हणायचा, आणि पोरंसुद्धा ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी थोरले डॉक्टर गेले. क्षमा मोठ्या इस्पितळात शिकून आलेली. तिनं एकेक करून मिक्श्चरं बंद केली आणि केमिस्टच्या तयार बाटल्या लिहून द्यायला सुरुवात केली. ती काही वाईट वागायची नाही. ‘धोंडूकाका’ म्हणायची, चहा आधी त्याला द्यायची. पण तीन बरण्यांपैकी दोन रिकाम्या झाल्या होत्या आणि धोंडिरामच्या हाती सुया उकळणं आणि केसपेपर लावणं एवढंच उरलं होतं. कंपाउंडरला कालवायलाच काही नाही म्हटल्यावर त्यानं करायचं काय? तो फुगून बसायचा. स्वभावाला औषध नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

दत्ताराम शेजारच्या केमिस्टाकडून औषध घेऊन सरळ खिडकीशी आला.

“धोंडूभाव, ह्या औषद कसा घेवचा रे?”

“ताईंनी सांगितलं ना आत?”

“त्यांनी सांगितला. पन तू सांग.”

धोंडिरामला बरं वाटलं. फार बरं वाटलं. खरं तर त्या वेळी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणायचा आणि बाटली फिरवून वाचायची, एवढंच करायचं होतं. ते त्यानं केलं नाही. बाटली हातातसुद्धा घेतली नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“कसं म्हणजे? नेहमीसारखं. खूण खूण. सकाळ-दुपार-संध्याकाळ,” तो म्हणाला, आत ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.

दत्तारामचा चेहरा उजळला. बाईंचं एवढं लांबलचक सांगणं ह्यानं कसं दोन शब्दांत आणलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला धोंडिराम दवाखाना उघडायला आला तेव्हा पायरीवर दत्तारामची बायको बसली होती. जानकी एरवी चार घरी पोळ्या लाटायची, दुपारची कधी मोकळी नसायची. धोंडिरामला बघून ती धडपडत उठली.

“भावजी, डॉक्टरीणबाई इलेत काय?”

“पाचला येतील. वरच आहेत घरात. का हो?”

“ह्ये उठणत नाय. आज सुट्टी, म्हणान निजले तां निजलेच. मगाशी हाक मारलंय तर हूं तरी म्हणत होते. आता तां पन नाय.”

“झोपू द्या हो वहिनी. तीन आठवडे जागाय तो माणूस,” धोंडिराम कुलपात किल्ली घालत म्हणाला. पण बोलता बोलताच त्याच्या मनात काहीतरी अडकलं. किल्ली तशीच ठेवून तो वळला. “औषध किती दिलंत?”

“तुमी सांगितलात तसाच. खूण खूण. त्या नव्या बाटलेक खुनाच नाय. म्हणान तुमची जुनी बाटली होती ना घरात धुवून ठेवलेली, तिच्यात ओतलंय. काल सांजची एक, सकाळची एक, दुपारची एक. नाक गळत होता, तर सर्दीची गोळी पन दिलंय.”

एक खूण म्हणजे तीन चहाचे चमचे. तीन खुणा म्हणजे नऊ. रात्री एक चमचा घ्यायचा, तिथे एका दिवसात नऊ चमचे आणि वर गोळी. हा हिशेब करायला धोंडिरामला कागद-पेन्सिल लागली नाही. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं काय होतं?

किल्ली कुलपातच लटकत राहिली. अठ्ठावन्न वर्षांचा धोंडिराम जिना दोन दोन पायऱ्या चढून गेला, पाठोपाठ जानकी. क्षमानं दार उघडलं तोच जानकी रडत म्हणाली, “बाई, माज्याच हातसून काय तरी चुकला हो.”

हे वाक्य धोंडिरामनं ऐकलं. पुढे कितीतरी दिवस त्याला ते आठवत राहिलं. त्या बाईच्या मनात त्याच्याविषयी शंकेचा कणसुद्धा नव्हता. तो नुसता गप्प राहिला असता तर चूक तिच्याच पदरात पडली असती, आणि भटवाडीत कोणीही म्हटलं असतं, बायकांना कुठे कळतंय.

“ह्यांचं काही चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “मी सांगितलं होतं, खूण खूण. बाटली न वाचता सांगितलं. ताई, तुमचं ते खोकल्याचं औषध. जुन्या बाटलीत ओतून दिलंय ह्यांनी.”

क्षमानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. रागवायला वेळ नव्हता. “किती गेलं पोटात?”

“तीन खुणा. पंचेचाळीस मिली. काल संध्याकाळपासून. आणि वर सर्दीची गोळी.”

“पंचेचाळीस अंदाजे ना?”

“माझी खूण अंदाजे नसते, ताई.”

बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

टेकडीच्या पायऱ्या चढून तिघं खोलीवर पोचली. दत्ताराम खाटेवर उताणा पडला होता, तोंड उघडं, घशातून घर्र घर्र आवाज. क्षमानं आधी त्याला कुशीवर वळवलं, मग पापणी उघडून पाहिलं. बाहुली मोहरीएवढी झाली होती. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत मोजायला लागली. धोंडिरामही मनात मोजत होता. एक श्वास झाला की पुढचा येईपर्यंत त्याला घाम फुटत होता.

“मिनिटाला आठ,” ती म्हणाली. “इस्पितळात न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता. धोंडूकाका, खांद्यावर थापट्या मारा, हाका मारत राहा. गप्प पडू दिलंत तर श्वास घ्यायलासुद्धा विसरेल तो.”

लवू आणि आणखी दोघं धावत आले. दत्तारामला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट, त्या उभ्या पायऱ्यांवरून खाली आणलं. रिक्षात एका बाजूला क्षमा, दुसऱ्या बाजूला धोंडिराम, मध्ये दत्ताराम. जानकी लवूबरोबर मागच्या रिक्षात. निघताना जुनी बाटली धोंडिरामनं फळीवरून उचलून खिशात घातली होती.

“दत्ता! ए दत्ता! श्वास घे. घे म्हणतो ना!” तो ओरडत होता. काय बोलायचं ते सुचेना तेव्हा तोंडाला येईल ते बोलायला लागला. “अरे, पंचावन्न साली खरजेला मलम न्यायला आलास तो तू पहिला पेशंट माझा! आठवतं का? मलम पोळीला लावून खाऊ का म्हणून विचारलंस! हसलो होतो ना मी? आता तू हस मला. ऊठ आणि शिव्या घाल. श्वास घे रे बाबा.”

दत्तारामनं एक खोल श्वास घेतला. मग पुन्हा घर्र घर्र. धोंडिराम पुन्हा ओरडायला लागला. गर्दीच्या रस्त्यानं रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

पालिकेच्या इस्पितळात अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरनं तीन प्रश्न विचारले. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं?

धोंडिरामनं खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. आतलं औषध बरोबर तिसऱ्या खुणेशी थांबलं होतं. तो वेळ सांगत गेला, खूण दाखवत गेला. क्षमानं औषधाचं नाव आणि प्रमाण सांगितलं. तरुण डॉक्टर बाटलीकडे बघतच राहिला. “इथे लोक ‘थोडंसं घेतलं’ एवढंच सांगतात हो. इतकं नेमकं पहिल्यांदा मिळतंय. बरं झालं.” त्यानं ऑक्सिजन लावला, औषधाची धार उतरवणारं इंजेक्शन मागवलं, आणि पडदा ओढला.

बाहेरच्या बाकावर जानकी बसली होती. धोंडिरामला तिच्या शेजारी बसायचा धीर होईना. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग न राहवून म्हणाला, “वहिनी, त्याला काही झालं तर...”

“भावजी, बसा हंय,” जानकी म्हणाली. “उबे ऱ्हावन काय होतला?”

तो बसला. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग तोच पदर बाकावर पसरून त्याच्यापुढे मूठभर शेंगदाणे ठेवले. घरून निघताना ते तिच्या हातात कसे आले होते ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या शेंगदाण्यांकडे बघून धोंडिरामला रडू आलं.

दिवेलागणीच्या सुमाराला पडदा सरकला. दत्ताराम डोळे किलकिले करून इकडेतिकडे बघत होता. आधी त्याला जानकी दिसली, मग धोंडिराम.

“धोंडूभाव,” तो शेवटी पुटपुटला, “खोकलो मातर ग्येलो हां.”

तरीसुद्धा औषध पुन्हा डोकं वर काढेल म्हणून रात्रभर त्याला ठेवून घेतलं, दर थोड्या वेळानं श्वास मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम उठून बसला आणि चहा मागायला लागला.

त्याच सकाळी धोंडिरामनं स्वयंपाकघरातले सगळे चमचे काढून ओट्यावर मांडले. त्याची बायको प्रेमा बघत राहिली. त्यानं दवाखान्याचा औंसाचा ग्लास घरी आणला होता. एकेक चमचा पाण्यानं भरून तो ग्लासात रिकामा करत होता, पुन्हा भरत होता.

“काय चाललंय हे? डोकं फिरलं काय?”

“घरात चहाचे चमचे किती, प्रेमा?”

“पाच.”

“पाच. आणि पाचही वेगळे. ह्यात जेमतेम तीन मिली मावतं, ह्यात आठ. हा पोह्यांचा तर बघ. आणि आम्ही सांगतो, एक चमचा घ्या! कुठला चमचा?”

प्रेमानं चमचा हातात घेऊन उलटसुलट केला. “मग ह्यात तुझं काय चुकलं म्हणायचं?”

“ह्यात नाही. दुसऱ्यात चुकलं,” तो म्हणाला, आणि चमचे रुमालात बांधले.

दवाखान्यात जाऊन त्यानं किल्ल्या क्षमाच्या टेबलावर ठेवल्या. “ताई, थोरल्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. तुम्हाला परत देतो. माझ्या जिभेनं माणूस मरत होता. मी रुसून बसलो होतो, दुसरं काही नाही.”

“तुम्ही चुकलात,” क्षमा म्हणाली. “मोठी चूक होती, धोंडूकाका, मी ती लहान म्हणणार नाही. पण मीही तीन वेळा सांगितलं आणि एकदाही विचारलं नाही, की काका, काय ऐकलंत ते सांगा. ते माझ्यासमोर माना हलवतात आणि तुम्हाला येऊन विचारतात. उद्या तुम्ही गेलात तर कोणाला विचारतील? त्या लवूला?”

धोंडिराम हातातल्या रुमालाची गाठ चाचपायला लागला.

“तेव्हा सांगायचं तुम्हीच. पण बाटली वाचून. आणि त्यांच्याकडून परत वदवून.” तिनं किल्ल्या त्याच्याकडे सरकवल्या. “आणि रुमालात काय आहे?”

रुमाल सोडल्यावर तिला आधी हसू आलं, मग ती गंभीर झाली. त्यानं ग्लासात पाणी ओतून तिला पाचही चमचे मोजून दाखवले.

दुसऱ्या दिवसापासून भटवाडीत नवीन फर्मान निघालं: औषधाला येताना घरचा चमचा घेऊन यायचा. लोक हसले. पोरांनी धोंडिरामच्या आवाजात नवीन वाक्य बसवलं. एका म्हातारीनं तर डावच आणला. पण धोंडिराम डोळ्यांत तेल घालून एकेक चमचा मोजायचा आणि पाच मिली जिथे येतं तिथे चमच्याच्या आत खिळ्यानं बारीक चरा ओढायचा. चमचा फारच मोठा किंवा लहान निघाला तर सरळ परत पाठवायचा. मग चष्मा लावून बाटली वाचायची, झोप आणणारं औषध असेल तर दोनदा सांगायचं, घरात आणखी कुठल्या गोळ्या आहेत ते विचारायचं. आणि शेवटी, “आता तू सांग.” नीट सांगता आलं नाही तर माणूस खिडकीपासून हलायचा नाही, मागे कितीही रांग असो. क्षमाला आतून ते ऐकू यायचं. कधी कधी धोंडिराम तिलाच आत येऊन म्हणायचा, “ताई, ह्याला दम्याचा त्रास आहे, केसपेपरवर लिहिलंय. हे औषध चालेल ना?” आणि ती खोडून दुसरं लिहून द्यायची.

महिन्याभरानं दत्ताराम आला. खोकला पुन्हा थोडा सुरू झाला होता, पण ह्या वेळी तो साध्या औषधावर भागण्यासारखा होता. त्याच्या एका हातात चमचा होता, दुसऱ्या हातात ती जुनी बाटली. इस्पितळानं औषध ओतून टाकून रिकामी परत दिली होती. पट्टी अजून शाबूत होती.

“जानकी म्हणता, घरात नको ही बाटली. आनि फेकूक पन जीव होईना.”

धोंडिरामनं बाटली घेतली आणि पाण्याच्या तसराळ्यात बुडवून ठेवली. मग चमचा मोजला, चरा ओढला, चष्मा डोळ्यांवर आणून नव्या बाटलीवरचं सगळं वाचलं. दत्ताराम खिडकीवर कोपर टेकून मुकाट ऐकत होता.

“हं. आता तू सांग.”

“हो चमचो. ह्या रेघेपर्यंत. सकाळ-संध्याकाळ. पाच दिवस. सर्दीची गोळी नाय.”

“आणि?”

दत्तारामनं डोकं खाजवलं. “आनि काय? इसारलंय तर तुका इचारीन.”

“विचार. पण दत्ता, मी चष्मा न लावता सांगितलं तर ऐकायचं नाही. कळलं?”

“आनि तू रागावलंस तर?”

“तरी ऐकायचं नाही.”

दत्ताराम हसला, खोकला, आणि चमचा खिशात घालून गेला. धोंडिराम तसराळ्याकडे वळला. डिंक सुटला होता आणि पट्टी पाण्यावर तरंगत होती. त्यानं ती तळहातावर उचलून उजेडात धरली. सहाच्या सहा टोकं अजून सारखी होती. हात चांगला होता आपला, असं त्याला वाटून गेलं. मग ती पट्टी त्यानं खिडकीच्या कठड्यावर वाळत घातली, बाटली पालथी करून शेजारी ठेवली, आणि पुढच्या बाईला म्हणाला, “चमचा आणलाय का?”